फाळाच्या लोखंडात काय मिसळले आहे?

शेतकऱ्याच्या घरी बियाण्याचा हिशेब होतो, खताचा होतो, डिझेलचा तर तोंडपाठ असतो. परंतु वर्षभरात आपल्या जमिनीत किती लोखंड झिजून गेले, याचा हिशेब ठेवणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटलेला नाही. फाळ झिजला, कुळवाची पास बोथट झाली, रोटाव्हेटरची पाती झिजून कोयत्यासारखी झाली, की आपण तालुक्याच्या गावी जातो, दुकानदार देईल ती वस्तू घेतो आणि परत येतो. ती कोणत्या लोखंडाची आहे हे आपण विचारीत नाही, आणि विचारले तरी सांगणारा कोणी नसतो. या एका गोष्टीकडे आपल्या संघाच्या सभासदांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

धाडस म्हणण्याचे कारण असे की, आम्ही धातुशास्त्राचे जाणते नव्हे. आमचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले, आणि पुढील आयुष्य महसूल खात्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात, पैसेवारीची पत्रके व सात-बाराचे उतारे लिहिण्यात गेले. त्या नोकरीने एक सवय मात्र लावली. हाती आलेल्या वस्तूची नोंद केल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. सेवानिवृत्त होऊन शेती पाहू लागल्यावर रोटाव्हेटरची पाती आणली, तीही आम्ही बसविण्यापूर्वी वाण्याच्या काट्यावर तोलून वहीत लिहून ठेवली. घरची माणसे हसली. पुढे त्याच वहीने आम्हांस विचारास लाविले.

आमची एक जमीन नेवासे तालुक्यात मुळेच्या उजव्या कालव्याखाली आहे. ती काळी व भारी आहे. दुसरी वडिलोपार्जित जमीन पारनेर तालुक्यात माळावर आहे. तिच्यात मुरूम व दगडगोटे विपुल. पहिल्या वर्षी बेचाळीस पात्यांचा जो संच घेतला, तो 'बोरॉन पोलादाचा' आहे असे दुकानदाराने शपथेवर सांगितले. एका हंगामानंतर पाती काढून तोलली, तो कित्येकांचे तिसरा हिस्सा वजन गेलेले. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या दुकानातून थोडा महाग संच आणला. रंग तोच, आकार तोच, आणि 'बोरॉन' हे नावही तेच. परंतु त्याच जमिनीत, तितक्याच तासांत झीज जवळजवळ निम्मी झाली. तिसऱ्या खेपेस 'अतिकठीण' म्हणून जी पाती मिळाली, ती मोठ्या हौसेने पारनेरच्या माळावर चालविली. पहिल्याच दिवशी सात पाती मानेतून काच तुटावी तशी तुटली. तुकडे घेऊन गावच्या वृद्ध लोहाराकडे गेलो. त्याने तुटलेली बाजू उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पाणी जास्त झालंय. धारेला पाणी पाहिजे, मानेला नको." त्याच्या एका वाक्यात जे होते, तेच समजून घेण्यासाठी पुढे आम्हांस पुष्कळ वाचावे व विचारावे लागले.

प्रथम झीज कशाने होते ते पाहू. लोखंड मातीने झिजत नाही; मातीतील खनिजांच्या कणांनी झिजते. कठीण कण मऊ पृष्ठावरून दाबून नेला म्हणजे तो त्यात चर पाडतो व त्या चरातील धातू सोलून टाकतो. कठीणपणा मोजण्यासाठी हिऱ्याचे टोक धातूवर दाबून पडणारा खळगा मोजतात. त्यास व्हिकर्सचे माप म्हणतात. या मापाने गारेचा कठीणपणा सुमारे ११००, साध्या मऊ लोखंडाचा दीडशेच्या आसपास, आणि उत्तम पाणी दिलेल्या पोलादाचा ६०० ते ८०० भरतो. म्हणजे कितीही चांगले पोलाद घेतले तरी गार त्याहून कठीणच राहते. आपल्या जिल्ह्याची काळी माती दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेली असल्यामुळे तिच्यात गार मुळातच थोडी असते. परंतु त्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात, आणि प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या काठच्या मळईत वाळूही असते. तेव्हा एकाच जिल्ह्यात शेजारच्या दोन गावांत फाळ निरनिराळ्या वेगाने झिजतो, यात नवल नाही.

मग लोखंड कठीण कसे करावे? आपल्या लोहारास यातील पहिला उपाय पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लोखंडात थोडा कर्ब असला, ते लाल करून पाण्यात बुडविले, की ते कठीण होते. कर्ब शेकडा अर्ध्याच्या आसपास असला की चांगले पाणी धरणारे पोलाद होते; शेकडा तीनाच्या वर गेला की बीड. बिडाचीही गंमत आहे. इंग्लंडात इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली बिडाच्या फाळाचे पेटंट घेतले. त्याने साच्याचा खालचा भाग लोखंडाचा व वरचा वाळूचा केला. खालचे बीड लोखंडास टेकून झटकन थंड होई व पांढरे, कठीण बने. वरचे हळूहळू थंड होऊन करडे व मऊ राही. जमिनीत चालताना वरचा मऊ थर आधी झिजे, खालचा कठीण थर पुढे राही, आणि फाळ स्वतःच स्वतःस धार लावून घेई. रस एकच, परंतु थंड होण्याच्या वेगाने त्याचे दोन धातू झाले. तेव्हा लोखंडात काय आहे एवढेच विचारून भागत नाही. त्यास पुढे कसे वागविले, हेही विचारले पाहिजे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावी लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी ते घेईनात. ती समजूत केव्हाच मावळली. आता उलट लोखंड ते सगळे सारखेच, अशी दुसरी समजूत दृढ होऊन बसली आहे, आणि ती पहिलीपेक्षा अधिक खर्चाची आहे.

दुसरा उपाय म्हणजे लोखंडात इतर द्रव्ये मिसळणे. हा भाग आपल्या वाचकांस कठीण जाऊ नये. कारण तांबे, मँगनीज, मॉलिब्डेनम, बोरॉन व निकेल ही नावे त्यांनी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुड्यांवर आणि कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत वाचलेली आहेत. पिकास ती जशी ग्रॅमांनी लागतात आणि अधिक झाली की बाधतात, तसेच काहीसे लोखंडाचेही आहे. बोरॉनचेच पाहा. पात्यांच्या पोलादात बोरॉन घालतात तो एका टनास सुमारे दहा ते पन्नास ग्रॅम, याहून अधिक नाही. एवढ्याशा बोरॉनने पोलाद स्वतः कठीण होत नाही. पाणी देताना कठीणपणा आतपर्यंत पोहोचावा एवढेच त्याचे काम. पाणीच नीट दिले नसेल, तर बोरॉन असून नसून सारखा. शिवाय पोलादातील नायट्रोजन वायू बोरॉनला पकडून निकामी करतो, म्हणून त्याचा बंदोबस्त करण्यासाठी थोडे टायटॅनियमही घालावे लागते. इतक्या गोष्टी जुळाव्या तेव्हा 'बोरॉनचे पाते' होते. दुकानदाराच्या तोंडचा 'बोरॉन' हा शब्द म्हणजे यांपैकी कशाचाही पुरावा नव्हे, हे आम्हांस पहिल्या संचाने शिकविले.

आता ज्या विद्येने मिश्रणाचा हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो, तिच्याकडे वळतो. ती आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच नांदत आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. अहिल्यानगर, ज्यास आपण सवयीने अद्याप नगरच म्हणतो, तेथील औद्योगिक वसाहतीत होगानेस या स्वीडिश कंपनीचा धातूच्या भुकटीचा कारखाना आहे. ही मूळची १७९७ साली स्वीडनात स्थापन झालेली कोळशाच्या खाणीची कंपनी. विसाव्या शतकाच्या आरंभी तिने लोहखनिज न वितळविता, कोळशाबरोबर भाजून, त्यापासून सच्छिद्र लोखंड करण्याची रीत बसविली. न वितळविता लोखंड काढणे आपल्यासही नवीन नव्हे; सह्याद्रीत महाबळेश्वराकडे धावड लोक जांभ्या दगडातून असेच लोखंड काढीत असत. फरक एवढाच की, धावड त्या गोळ्यास घणाने ठोकून घडवीत, आणि हे लोक त्याची भुकटी करतात. पातळ पोलादाच्या धारेवर जोराने पाणी मारून भुकटी करण्याची दुसरीही रीत आहे.

त्या भुकटीत कर्बाची पूड व इतर धातूंची पूड मिसळतात. मिश्रण पोलादी साच्यात घालून दर चौरस सेंटिमीटरास चार ते सात टन इतक्या दाबाने आवळतात. त्या वेळी वस्तूस आकार येतो, पण ती कच्च्या मडक्यासारखी ठिसूळ असते. नंतर कुंभाराच्या भट्टीप्रमाणे भट्टीत भाजतात. तेथील उष्णता सुमारे ११२० अंश सेल्सियस असते. लोखंड १५३८ अंशांवर वितळते, म्हणजे या भट्टीत ते वितळत नाही. कणास कण चिकटून एकजीव होतो. कारखान्यात या भाजण्यास सिंटरिंग म्हणतात. मोटारसायकलीचे व ट्रॅक्टरचे कित्येक लहान दंतचक्र, बुश व शॉकअॅब्सॉर्बरमधील भाग या रीतीने होतात. पुण्याजवळ पिंपरीस असे भाग करणारा कारखाना आहे.

या रीतीत मिसळलेल्या प्रत्येक द्रव्याचा गुण उघड दिसतो. कारण ते रसात विरघळून नाहीसे न होता कणाकणांनी आपले काम करते. तांबे १०८५ अंशांवर वितळते, म्हणजे भट्टीत लोखंड घट्ट असतानाच तांब्याचे पाणी होते, आणि ढेकळात ओल चढावी तसे ते लोखंडाच्या कणांमधील फटींत शिरते. शेकडा दोन तांब्याने वस्तू बळकट व कठीण होते. परंतु ती फुगतेही, आणि मापाबाहेर जाते. कर्ब बरोबर असला तर हे फुगणे कमी होते. निकेलचे वर्तन याच्या उलट. ते या भट्टीत वितळत नाही, लोखंडात सावकाश मुरते, पुरते मुरतही नाही; त्याची मऊ पण चिवट बेटे मध्ये मध्ये राहतात आणि वस्तू आकसते. म्हणून तांबे व निकेल जोडीने घातले म्हणजे एकाचे फुगणे दुसऱ्याच्या आकसण्याने फिटते, शिवाय कठीणपणास चिवटपणाची जोड मिळते. निकेल महाग आहे आणि त्याची धूळ कामगारांच्या फुप्फुसांस घातक आहे. त्यामुळे त्याऐवजी क्रोमियम व मँगनीज वापरण्याकडे कारखानदारांचा कल वाढत आहे. क्रोमियम स्वस्त, आणि कर्बाशी मिळून फार कठीण कण करणारे. पण ते प्राणवायूचे भुकेलेले. भट्टीतील हवेत किंचित ओलावा राहिला तरी त्याच्या कणांवर गंजासारखी साय धरते, मग कण एकमेकांस चिकटतच नाहीत. जे द्रव्य कागदावर उत्तम, तेच हयगयीच्या भट्टीत वस्तूचा नाश करते.

मॉलिब्डेनमविषयी थोडेच सांगतो. ते लोखंडाच्या रसातच आधी विरघळवून मग भुकटी करतात. डाळ व तांदूळ एकत्र शिजविणे निराळे आणि दोन्ही एकत्र दळून पीठ करणे निराळे, तसाच हा भेद. दळलेल्या पिठाप्रमाणे मॉलिब्डेनम प्रत्येक कणात सारखे असते, आणि भट्टीतून निघताना जलद थंड केल्यास वस्तू तेथल्या तेथेच पाणी दिल्यासारखी कठीण होते.

फॉस्फरसची गोष्ट आम्हांस सर्वांत मौजेची वाटली. आपण त्यास स्फुरद म्हणतो. पोलादात तो लोहाराचा शत्रू समजला जातो. त्याने लोखंड थंड असताना ठिसूळ होते. परंतु भुकटीच्या लोखंडात तोच शेकडा अर्ध्याहून किंचित कमी घालतात. लोखंडाशी मिळून तो सुमारे १०५० अंशांवर वितळतो, कणांचे जुळणे सुलभ करतो आणि आतील छिद्रांचे कोपरे गोल करतो. त्यामुळे वस्तू उलट चिवट होते. मात्र त्याच मिश्रणात कर्बही भरपूर घातला की दोघे मिळून पुन्हा ठिसूळपणा आणतात. तेव्हा एखादे द्रव्य चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. किती, कशाबरोबर, आणि कोणत्या कामासाठी, हे सांगितल्यावाचून त्यास उत्तर नाही.

कामांतही दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ नये. बुश व दंतचक्र यांत लोखंड लोखंडावर घासते. तेथे भुकटीच्या वस्तूतील छिद्रे उपकारक होतात. कारण त्यांत तेल मुरवून ठेवता येते, आणि फिरताना तापून तेच तेल बाहेर येऊन वंगण होते. फाळ व पाते यांत दगडाचा कण लोखंडावर घासतो. तेथे छिद्रांचा उपयोग नाही, उलट तोटा आहे. नेहमीच्या रीतीने दाबून भाजलेल्या वस्तूत सुमारे दहावा हिस्सा पोकळी राहते, आणि दगडावर आपटल्यास तडा तेथूनच जातो. म्हणून संपूर्ण फाळच भुकटीचा करावा असे आमचे म्हणणे नाही. तसे कोणी विकू लागल्यास सभासदांनी दहा वेळा विचार करावा.

परंतु भुकटीच्या विद्येची एक शाखा नेमकी दगडाशी झुंजण्यासाठीच आहे, आणि ती आपण सर्वांनी पाहिली आहे. बोअर घेणारी गाडी शिवारात येते तेव्हा तिच्या हॅमरच्या टोकास वाटाण्याएवढी राखी बटणे बसविलेली असतात. काळा पाषाण फोडून शेकडो फूट खाली जातात ती हीच बटणे. ती टंगस्टन कार्बाइडची असून कोबाल्ट धातूने सांधलेली असतात. बर्लिन येथे कार्ल श्रोटर याने १९२३ साली ही कृती सिद्ध केली, आणि जर्मनीतील क्रुप कारखान्याने ती 'विडिया' या नावाने बाजारात आणली. हिऱ्यासारखे, या अर्थाच्या जर्मन शब्दांपासून ते नाव केलेले आहे. आपल्याकडील लेथवरचे कारागीर आजही अशा टोकास विडियाच म्हणतात. टंगस्टन कार्बाइडचा कठीणपणा गारेच्या सुमारे दुप्पट, आणि टायटॅनियम कार्बाइडचा त्याहूनही अधिक. येथे प्रथमच मातीतील गार पराभव पावते.

जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येते व ते महाग पडते, म्हणून त्याच्या जागी लोखंडाच्या भुकटीने हे कठीण कण सांधावे, असे प्रयत्न पुष्कळ वर्षे चालू आहेत. त्यांतील अडचणी ऐकण्यासारख्या आहेत. सांधणारे लोखंड मऊ असले, तर पावसाने माती धुपून दगड उघडे पडावे व निखळून जावे तसे मातीच्या घासण्याने लोखंड आधी झिजते आणि कठीण कण सुटून पडतात. म्हणून सांध्याचे लोखंडही तांबे, निकेल, मॉलिब्डेनम, क्रोमियम यांनी बळकट करावे लागते. कठीण कण फार बारीक असले तर गारेचा कण त्यांना सांध्यासकट खरवडून नेतो. फार दाट झाले तर वस्तू ठिसूळ होते. टंगस्टन कार्बाइड तापल्यावर लोखंडात काहीसे विरघळते, आणि तेव्हा मिश्रणात कर्ब जरासा कमी पडला, तर लोखंड, टंगस्टन व कर्ब यांचे तिसरेच एक ठिसूळ संयुग तयार होते. एवढ्या नाजूक जमाखर्चावर वस्तूचे आयुष्य अवलंबून असते. आमच्या कचेरीतील जुन्या हिशेबनीसांनाही घाम फुटला असता.

या विद्येचा फाळास सरळ उपयोग होतो तो लेप देऊन. चिवट पोलादाचा फाळ घ्यावा, आणि जेथे तो सर्वांत अधिक झिजतो त्या टोकावर व धारेखाली क्रोमियम, बोरॉन व कर्ब यांनी युक्त अशा लोखंडी भुकटीचा थर वितळवून चढवावा. अंग चिवट, तोंड कठीण. लोहाराने आम्हांस सांगितले तेच हे. भुकटीची यंत्रे खेड्यात नाहीत, पण याच तत्त्वावरील कांडी वेल्डिंगच्या दुकानात मिळते. तिला हार्डफेसिंगची कांडी म्हणतात. आम्ही पारनेरच्या नांगरास ती टोकापाशी बोटभर रुंद लावून घेतली. टोकाची झीज नजरेत भरण्याइतकी कमी झाली. मात्र कारागिराने उत्साहाच्या भरात सबंध फाळ भरून काढू नये. त्याने पैसे जातात, फाळ तापून वाकतो, आणि मूळचे पाणीही उतरते.

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन आता मांडतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने पोत्यावर नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण छापावे लागते. ते खोटे निघाले तर तक्रारीस जागा असते. परंतु शेकडो रुपयांचा फाळ व हजारो रुपयांचा पात्यांचा संच आपण घेतो, त्यांपैकी आमच्या हाती आलेल्या एकाही संचावर कर्ब किती, मँगनीज किती, बोरॉन आहे की नाही, आणि धारेचा व मानेचा कठीणपणा किती, यांतील एक अक्षरही नव्हते. जमिनीस सात-बारा असतो, तिच्यावरील बोजा त्यात लिहिलेला असतो. जमीन नांगरणाऱ्या लोखंडास मात्र काहीच उतारा नाही.

आपल्याच भागभांडवलावर चालणारे साखर कारखाने याबाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ शहाणे आहेत. १९५० साली प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना निघाल्यापासून या जिल्ह्यात ऊस चिरडण्याचे काम अव्याहत चालू आहे. उसाबरोबर माती व वाळू येते, आणि ऊस तोडणाऱ्या यंत्रातील सुऱ्या व हातोडे तिने झिजतात. म्हणून त्यांच्या तोंडावर कठीण लेप देतात. अशा मालाची मागणी करताना घटक व कठीणपणा लिहून मागण्याची तेथे रीत आहे. कारखान्याचे सभासद आपणच. कारखान्याच्या सुरीस जो न्याय, तो सभासदाच्या फाळास का नसावा?

यावर कोणी म्हणेल की, असली चिठ्ठी मागितल्याने माल महाग होईल. होईलही. परंतु आमच्या वहीप्रमाणे स्वस्त संच एका हंगामात संपला आणि महाग संच दोन हंगाम चालला. शिवाय बोथट पात्याने ट्रॅक्टरवर ताण पडतो व डिझेल अधिक जळते, ते खर्चात कोणी धरीतच नाही. दुसरा आक्षेप असा की, छापील आकडे खोटे असू शकतात. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एकट्यादुकट्या शेतकऱ्याने हे करू नये, संघाने करावे, असा आमचा आग्रह आहे. संघाने हंगामापूर्वी सभासदांची मागणी एकत्र करावी. घटकांची व कठीणपणाची लेखी चिठ्ठी देणाऱ्याकडूनच माल घ्यावा. आणि प्रत्येक खेपेतील दोन-चार पाती फोडून तपासावीत. राहुरीस महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. तेथील विद्वान मंडळींस संघाने पत्र लिहून, काळी जमीन व माळ या दोहोंस निरनिराळी पाती कोणती लागतात याची आपल्या शिवारात पाहणी करावी, अशी विनंती करण्यास काय हरकत आहे? नगरातील भुकटीवाल्यांनाही लेपाच्या प्रयोगासाठी विचारून पाहावे. त्यांचा माल मोटारींकरिता जातो हे खरे. पण त्यांच्या कुंपणापलीकडे नांगर चालतात, हे त्यांस कोणी जाऊन सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तोपर्यंत दुकानात उभे राहून करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. बारीक दातांची नवी कानस बरोबर न्यावी. पात्याच्या धारेवर ती घासून पाहावी. कानस सहज चावून लोखंडाचा कीस निघाला, तर धारेस पाणी नाही असे समजावे. धारेवर घसरली तर बरे. मग तीच कानस बोल्टच्या भोकाजवळ मानेवर घासावी. तेथे ती चावलीच पाहिजे. मानेवरही घसरली तर ते पाते माळावर नेऊ नये. आमच्या सात पात्यांची गती त्यास येईल. एका दुकानदाराने आम्हांस कानस काढताना पाहून दुसऱ्या खोलीतून निराळा माल आणून दाखविला, यावरून काय समजावयाचे ते वाचकांनी समजावे.

येत्या रब्बीपूर्वी आम्ही तीन निरनिराळ्या दुकानांतील पाती आणून एकाच रोटाव्हेटरवर आळीपाळीने बसविणार आहोत, म्हणजे तिन्हींस एकच जमीन, एकच ओल व तितकेच तास मिळतील. वजने वहीत चढविली आहेत, आणि पाती ओळखू यावीत म्हणून मानेवर छिन्नीच्या खुणा केल्या आहेत. हंगाम आटोपल्यावर आकडे याच मासिकाकडे पाठवू. ज्या सभासदांची जमीन अकोले, कर्जत किंवा जामखेड तालुक्यांत आहे, त्यांनीही आपापल्या पात्यांची वजने बसविण्यापूर्वी व काढल्यावर लिहून संपादकांकडे धाडावी. काट्याचे भाडे वाणी घेत नाही.